फोनला जॅक नाही, मग वायरच्या हेडफोनचं काय करायचं?

यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णीकडच्या एका तबला वाजवणाऱ्या भावाचा प्रश्न आहे. त्यांच्याच शब्दांत थोडक्यात सांगतो:

"जुना फोन फुटला, नवीन घेतला तं त्याले हेडफोनचं भोकच नाही. मोठ्या भावानं पुण्याहून आणलेला वायरचा चांगला हेडफोन घरात पडून आहे. बाजारातून दीडशेचं कनेक्टर आणलं, ते फोन घेतच नाही. दुसरं आणलं, त्यात वाद्यं ऐकू येते पण गाणाऱ्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा, अन् मधात मधात खरखर. नेकबँडवर भजन लावून त्यावर तबला रेकॉर्ड केला तं ठेका मागं पडते. भजन स्पर्धा जवळ आली. दीड हजारात काय करू?"

भाऊ, जॅक गेला म्हणून आवाज गेला असं तुम्हाला वाटतंय. तसं नाही. तुम्ही ज्या तीन तक्रारी सांगितल्या त्यांची कारणं तीन वेगवेगळी आहेत, आणि त्यातली एक तर बहुतेक एकही रुपया न लागता सुटेल. म्हणून आधी खरेदीचा विचार बाजूला ठेवा. मी दारव्ह्याला वीस-बावीस वर्षांपासून दुकान चालवतो. आधी रेडिओ, टेप, ॲम्प्लिफायर, आता मुख्यतः मोबाइल. आसपासच्या गावांत भजन स्पर्धा, सप्ताह, पुण्यतिथीचे कार्यक्रम असले की साउंडही लावतो. तुमच्यासारखा प्रश्न घेऊन महिन्यातून चार-पाच जण येतात आणि त्यातले निम्मे आधीच दोन-तीन कनेक्टरांवर पैसे घालवून आलेले असतात. ते मला मनापासून खटकतं, म्हणून जरा लांबण लावून सांगतो.

फोनमध्ये गाणं म्हणजे नुसते आकडे असतात. कानाला आकडे चालत नाहीत, हवेचा हेलकावा लागतो. वावरात कापूस असतो आणि अंगावर सदरा, पण मधे जिनिंग लागतं, सूतगिरणी लागते, तसंच इथेही मधे एक कारखाना लागतो. आकड्यांची विजेची लाट करणारी एक चिप, आणि त्या लाटेला हेडफोन हलवण्याइतका जोर देणारा छोटा ॲम्प्लिफायर. या चिपेला डॅक म्हणतात. जॅक असलेल्या फोनात हा कारखाना फोनच्या पोटात असायचा आणि त्याचं दार म्हणजे ते गोल भोक. २०१६ मध्ये आयफोन ७ आला तेव्हा त्यात ते दार बंद झालं. त्याच वर्षी मोटोरोलाच्या मोटो झेडमध्येही ते नव्हतं. पुढे हळूहळू बहुतेक महागड्या आणि मग मधल्या किमतीच्या फोनांतूनही ते गेलं. कारखाना मात्र लागतोच. तो आता एकतर टाइप-सी, म्हणजे फोनच्या चार्जिंगच्या भोकात बसणाऱ्या, कनेक्टरच्या त्या बोटभर तुकड्यात बसवलेला असतो, नाहीतर ब्लूटूथच्या नेकबँडमध्ये. म्हणजे आता कनेक्टर ही नुसती जोडणी राहिली नाही, आवाज बनवणारं यंत्रच ते आहे. दीडशे आणि सातशे रुपयांच्या कनेक्टरमध्ये फरक का असतो, ते इथून समजायला लागतं.

आता तुमचं पहिलं कनेक्टर, जे फोन घेतच नाही. बाजारात टाइप-सी ते ३.५ मिलिमीटर (हेडफोनच्या गोल पिनेचं माप) अशी दोन जातींची कनेक्टरं मिळतात आणि बाहेरून ती सारखीच दिसतात. एका जातीत चिप असते. दुसऱ्या जातीत फक्त तारा असतात. मी एक कापून पाहिलं होतं, आत चार तारा आणि दोन बारीक रेझिस्टर, बस. हे तारांचं कनेक्टर फोनला सांगतं की तुझ्या पोटातल्या कारखान्याचा आवाज टाइप-सीच्या पिनांतूनच बाहेर दे. काही जुन्या फोनांत तशी सोय होती, त्यावर ते चालायचं. बऱ्याच नव्या फोनांत ती सोयच नाही. सॅमसंगच्या जॅक नसलेल्या फोनांना चिप असलेलंच लागतं. त्यामुळे तुमचं कनेक्टर बिघडलेलं असेलच असं नाही, ते तुमच्या फोनसाठी नाहीच.

सुरुवातीच्या काळात मला स्वतःलाही हे नीट कळलं नव्हतं. एका ठोक व्यापाऱ्याकडून पन्नास नग आणले. त्यानं "सगळ्या फोनला चालते" म्हणून सांगितलं. निम्म्याहून जास्त परत आले. गिऱ्हाइकांना पैसे परत दिले आणि तेव्हापासून दुकानात एक नियम केला: कनेक्टर आधी लॅपटॉपला लावून पाहायचं. चिप असलेलं असेल तर लॅपटॉपमध्ये आवाजाच्या यादीत एक नवीन उपकरण दिसतं. तारांचं असेल तर काहीच दिसत नाही, जणू काही लावलंच नाही. ही परीक्षा अर्ध्या मिनिटाची आहे. गावात कुणाकडे टाइप-सीचा लॅपटॉप नसेल तर सरळ स्वतःचा फोन आणि स्वतःचा हेडफोन घेऊन दुकानात जा, लावून ऐका, मग पैसे द्या. जो दुकानदार लावून पाहू देत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

एक गोष्ट मात्र आधी तपासा. ओप्पो, रिअलमी, वनप्लस यांच्या बऱ्याच फोनांत ओटीजी नावाचं, म्हणजे फोनला बाहेरचं उपकरण जोडू देणारं, सेटिंग वेगळं चालू करावं लागतं, आणि काही न लावता दहा मिनिटं गेली की ते आपोआप बंद होतं. चिप असलेलं चांगलं कनेक्टरही ते बंद असताना मेल्यासारखं वाटतं. सेटिंगमध्ये वर शोधायच्या जागी ओटीजी टाइप करा, चालू करा, लगेच कनेक्टर लावा. तुमच्या दीडशेच्या कनेक्टरलाही ही एक संधी द्या, नशीब असेल तर ते चिपवालं निघेल.

दुसरी तक्रार मला सगळ्यात जास्त आवडली, कारण तुम्ही लक्षण अगदी नेमकं सांगितलं. वाद्यं ऐकू येतात आणि गाणारा विहिरीत. हा डॅकचा दोष नाही, आवाजाच्या दर्जाचाही नाही. हा जमिनीच्या तारेचा दोष आहे, म्हणजे ज्याला आम्ही ग्राउंड किंवा कॉमन म्हणतो. हेडफोनच्या पिनेवर काळ्या रेघांनी वेगळे केलेले तीन किंवा चार भाग असतात: डावा, उजवा, कॉमन, आणि माइक असेल तर तो. दोन्ही कानांचा प्रवाह कॉमनमधून परत जातो. तो कॉमनच टेकला नाही, तर डाव्या स्पीकरमधून उजव्यात असा उलटा रस्ता तयार होतो आणि कानाला फक्त डाव्या-उजव्यातला फरक ऐकू येतो. गाणारा माणूस रेकॉर्डिंगमध्ये मधोमध ठेवलेला असतो, म्हणजे दोन्हीकडे सारखाच. सारख्यातून सारखं गेलं, उरलं शून्य. म्हणून गाणारा गायब, आणि बाजूला ठेवलेली पेटी, झांज, खंजिरी तेवढी ऐकू येते.

याची एक पक्की परीक्षा तुमच्या मोबाइलमध्ये आधीच असेल. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या स्वतःच्या आवाजातलं एखादं जुनं भजन लावा. महाराज १९६८ साली गेले, त्यांच्या काळातलं रेकॉर्डिंग एकाच वाहिनीचं, दोन्ही कानांत तंतोतंत सारखं असतं. कॉमन तुटला असेल तर ते भजन जवळजवळ ऐकूच येणार नाही. साधं ऐकू आलं तर कॉमन ठीक आहे आणि दोष दुसरीकडे शोधायचा.

कॉमन का टेकत नाही, त्याची माझ्या दुकानात तीनच कारणं वारंवार दिसतात. हेडफोनची पिन कनेक्टरमध्ये पूर्ण गेलेली नसते, शेवटची टक् ऐकू येईपर्यंत दाबली की काम होतं. किंवा पिनेजवळ वायर आतून तुटलेली असते, तिथं वाकवून धरलं की आवाज भरतो, सोडलं की जातो. ती पिन कापून नवीन टाकायला आमच्यासारख्याकडे शंभर-सव्वाशे रुपये लागतात, त्यासाठी हेडफोन टाकून देऊ नका. तिसरं कारण जुन्या माइकवाल्या हेडफोनचं. पूर्वी काही कंपन्या माइक आणि कॉमन यांची जागा उलट ठेवायच्या. त्याची खूण सोपी आहे, वायरवरचं फोन उचलायचं बटण दाबून धरा. धरल्याबरोबर गाणाऱ्याचा आवाज भरून आला तर जागा उलट आहे, आणि मग पिनच बदलावी लागते.

खरखरीचं कारण बहुतेक वेगळं असेल, आणि ते आपल्या भागाचं आहे. कापूस. वेचणीच्या दिवसांत येणारे निम्मे फोन मला "चार्जिंग होत नाही, पोर्ट बदलून द्या" म्हणून दाखवले जातात. भिंगाखाली पाहिलं की टाइप-सीच्या तळाशी रुईचे तंतू दाबून दाबून अगदी नमद्यासारखे बसलेले असतात. सदऱ्याच्या खिशातला कचराही तसाच बसतो. चार्जर त्यावरही कसाबसा चालतो, पण आवाजाचं कनेक्टर अर्धा मिलिमीटर वर राहिलं तरी हलताना खरखर करतं, मधेच सुटतं. फोन बंद करा, बांबूची दातकोरणी घ्या, टोक जरा चपटं करून कडेकडेनं हळू ओढून काढा. मधल्या पट्टीला जोर लावू नका. सुई, टाचणी, सेफ्टी पिन अजिबात घालू नका, त्यानं पोर्ट कायमचं गेलेलं मी पाहिलं आहे. फुंकरही मारू नका, तोंडातली वाफ आत जाते. साफ केल्यावर कनेक्टर घट्ट बसतं की नाही ते बोटाला लगेच कळतं.

आता ठेका मागे पडण्याचं. हे तुम्ही नीट समजून घ्या, कारण इथं पैसा खर्च करूनही सुटणार नाही अशी गोष्ट आहे. ब्लूटूथमध्ये आवाज आधी दाबून लहान केला जातो, हवेतून पाठवला जातो, नेकबँडमध्ये पुन्हा उलगडला जातो, आणि अडखळू नये म्हणून थोडा साठवूनही ठेवला जातो. या सगळ्यात साधारण दीडशे ते अडीचशे मिलिसेकंद जातात. नेकबँडप्रमाणे कमी-जास्त. नुसतं ऐकून सोबत तबला वाजवत असाल तर हे तुम्हाला जाणवणारही नाही, कारण तुम्ही जे ऐकता त्याच्याच बरोबर वाजवता. पण रेकॉर्ड करताना फोन भजनाची वेळ स्वतःच्या घड्याळानं धरतो, आणि तुम्ही ते पाव सेकंद उशिरा ऐकून वाजवता. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. पाव सेकंद म्हणजे अर्धी मात्रा. कोणताही तबलजी अर्धी मात्रा मागे असलेला ठेका सहन करणार नाही. तुमचा हात चुकलेला नाही, भाऊ. वायर लावून तोच तुकडा रेकॉर्ड करा, फरक लगेच कळेल. वायरमध्येही थोडा उशीर असतो, पण तो त्याच्या कितीतरी कमी, आणि काही रेकॉर्डिंग ॲपमध्ये तो मोजून वजा करायची सोय असते.

दुसरं, नेकबँडचा माइक रेकॉर्डिंगला निवडला गेला की फोन गाणं ऐकवायची रीत सोडून कॉलच्या रीतीवर जातो. मग ऐकू येणारं भजनसुद्धा फोनवरच्या बोलण्यासारखं चपटं होतं. अनेकांना वाटतं नेकबँड खराब झाला. तो खराब नसतो, ब्लूटूथची ती मर्यादा आहे. म्हणून रेकॉर्डिंगच्या ॲपमध्ये माइक फोनचाच निवडलेला आहे ना, ते दरवेळी बघा. वायरच्या बाबतीतही बघा. काही कनेक्टर लावली की फोनला वाटतं माइकवाला हेडफोन लागला, आणि तो नसलेल्या माइकमधून नुसती शांतता रेकॉर्ड करतो.

रियाजाचा विषय सोडला आणि नुसतं ऐकायचं म्हटलं, तर ब्लूटूथला मी वाईट म्हणणार नाही. सगळ्या नेकबँडमध्ये असते ती आवाज दाबून पाठवायची एसबीसी पद्धत चांगल्या सेटिंगला सेकंदाला सुमारे ३२८ किलोबिट पाठवते. सोनीची एलडॅक ९९० पर्यंत जाते, आणि ॲन्ड्रॉइड ८ पासून म्हणजे २०१७ पासून ती ॲन्ड्रॉइडमध्येच आहे, फक्त नेकबँडमध्येही हवी. आयफोन एसबीसी आणि एएसी एवढंच देतो. सीडीचा आकडा यांच्या तुलनेत १४११ आहे. पण हे आकडे बघून घाबरू नका. स्वस्त नेकबँडचा खरा दोष हा नसतो. त्यात खालचा आवाज मुद्दाम फुगवलेला असतो, नाचगाण्यासाठी. तबला ऐकताना डग्गा धम् धम् करत राहतो आणि चाटीवरचा, म्हणजे तबल्याच्या काठावरचा, बोल त्याखाली दबतो. ता आणि ना वेगळे ऐकू आले नाहीत तर रियाज कसला. तुमच्याकडे भावानं आणलेला मोठा हेडफोन आहे, तो जर खरंच चांगला असेल तर तबल्यासाठी तो कोणत्याही हजार-पंधराशेच्या नेकबँडपेक्षा सरस ठरेल. त्याला जपा.

म्हणून माझा कल स्पष्ट आहे: चिप असलेलं एक कनेक्टर घ्या. कोणतं, हे तुमच्या हेडफोनवर अवलंबून आहे आणि त्याचं नाव तुम्ही सांगितलेलं नाही. हेडफोनचा एक आकडा असतो, ओममध्ये, म्हणजे तो विजेला किती अडवतो त्याचं माप. १६ किंवा ३२ ओमचा असेल तर तो हलका बैल आहे, कोणत्याही गाडीला जुंपा. २५० किंवा ३०० ओमचा असेल तर तो स्टुडिओतला हेडफोन, त्याला जास्त व्होल्टेज लागतं. हिशेब करून दाखवतो. अनेक लहान कनेक्टर जास्तीत जास्त १ व्होल्टच्या आसपास देतात. ३२ ओमच्या हेडफोनला त्यातून सुमारे ३१ मिलिवॅट मिळतात, म्हणजे कान दुखेपर्यंत आवाज. २५० ओमला त्याच एका व्होल्टमधून फक्त ४ मिलिवॅट. तिथं आवाज येईल, पण तबला अंगावर येणार नाही.

साध्या हेडफोनसाठी हजार रुपयांच्या आत-बाहेर चांगली चिप मिळते. ॲपलचं टाइप-सी कनेक्टर मोजमापात फार स्वच्छ आहे आणि आयफोन १५ पासूनच्या फोनांना उत्तम. पण ॲन्ड्रॉइडला लावलं की त्याचा आवाज बऱ्याच फोनांवर निम्म्यावर राहतो, ही जगभरची जुनी तक्रार आहे. म्हणून ॲन्ड्रॉइडवाल्याला मी ते सहसा देत नाही. सॅमसंगचं स्वतःचं कनेक्टर चालतं. सीएक्स३१९९३ नावाची चिप असलेली छोटी कनेक्टरं ऑनलाइन मिळतात, ती मी स्वतः वापरतो, भजनाच्या कार्यक्रमात मोबाइलवरून साउंडच्या मिक्सरला आवाज द्यायलाही तीच लावतो. नावाजलेल्या कंपनीच्या नावाचा नकली माल तालुक्याच्या बाजारात भरपूर आहे, त्यामुळे नावापेक्षा वर सांगितलेल्या लॅपटॉपच्या परीक्षेवर भरवसा ठेवा.

खोक्यावर ३२ बिट, ३८४ किलोहर्ट्झ असे आकडे छापलेले असतील. त्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. माणसाचा कान तरुणपणी फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, वय वाढलं की त्याहूनही कमी. ते नीट पकडायला त्याच्या दुपटीहून थोडं जास्त पुरतं, म्हणूनच सीडीला ४४.१ किलोहर्ट्झ ठेवलं. त्यावरचे आकडे कानाला नाही, जाहिरातीला लागतात.

त्याऐवजी हेडफोनच्या गाद्या पाहा. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि फार थोडे ऐकतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्यात पत्र्याच्या घरात ठेवलेल्या हेडफोनच्या नकली चामड्याच्या गाद्या दोन उन्हाळ्यांत फुटतात, पापुद्रे सुटतात. गादी कानाला हवाबंद बसली नाही की खालचा आवाज बाहेर निसटतो. हेडफोन घालून दोन्ही कपांवर तळहातानं हळूच दाब द्या. दाबल्यावर डग्गा एकदम भरून आला तर समजा गाद्या गेल्या. नवीन जोडी तीनशे-चारशेत येते आणि तिनं जो फरक पडतो तो कनेक्टर बदलून पडत नाही. कानात घालायचे इअरफोन वापरणाऱ्यांनाही हेच, रबराच्या टोप्या योग्य मापाच्या घाला.

आता ऐकता काय, तेही तेवढंच महत्त्वाचं. गावात नेटवर्क एक-दोन काड्यांचं. ॲपमध्ये दर्जा "ऑटोमॅटिक" वर असेल तर ते नेटवर्क पाहून आवाज मुकाट्यानं खाली आणतं आणि तुम्हाला सांगतही नाही. सेटिंगमध्ये डाउनलोडचा दर्जा सगळ्यात वरचा करा आणि रात्री किंवा तालुक्याला आलात की उतरवून घ्या. ३२० किलोबिटनं एक तास संगीत म्हणजे सुमारे १४४ एमबी, रोजच्या डेटात सहज बसतं. मंडळातले लोक स्पर्धेचं रेकॉर्डिंग व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवतात तेव्हा व्हॉट्सॲप ते दाबून लहान करतं आणि त्यात आवाजही दबतो. त्यांना सांगा, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फाइल मोठी जाते, पण जशीच्या तशी जाते. फोनमधले डॉल्बी, सराउंड, बास बूस्ट हे सगळे रियाजाच्या वेळी बंद ठेवा. जुन्या रेकॉर्डिंगवर तर हमखास बंद. त्यात नसलेली जागा ते तयार करायला जातं आणि असलेला आवाज बिघडवतं.

आणखी एक अडचण तुम्हाला लवकरच येईल म्हणून आताच सांगतो. कनेक्टर लावलं की चार्जिंग करता येत नाही. त्यासाठी दोन तोंडांची कनेक्टरं मिळतात, एकीकडे हेडफोन, दुसरीकडे चार्जर. यातली कित्येक नुसत्या तारांची असतात, परीक्षा करूनच घ्या. आणि चार्जर भिंतीत लावून ऐकलं की अनेक घरांत घूं असा बारीक आवाज मागे राहतो. दोन पिनांचा चार्जर, घराला धड अर्थिंग नाही, वर लाइट गेली की इन्व्हर्टर. त्या विजेतली घाण कानापर्यंत येते. उपाय म्हणजे त्या वेळी भिंतीऐवजी पॉवर बँक लावा. घूं थांबतो. ऐकून झालं की कनेक्टर फोनला तसंच ठेवू नका, ते गप्प असतानाही बॅटरी खातं. आणि खिशात फोन उलटा ठेवा, पोर्ट वर. खाली ठेवला की वाकताना कनेक्टरच्या मानेवर भार येतो आणि तीच जागा सगळ्यात आधी तुटते.

आवाज किती ठेवता, हे तबलजीला मी नेहमी विचारतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापानं ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास चालतात. दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा होतो, म्हणजे ९० ला फक्त ४ तास. कार्यक्रमात तुम्ही आधीच मोठ्या भोंग्यांजवळ बसता, त्याचे तास यातच मोजायचे. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी कानात शीळ वाजत असेल तर त्या दिवशी हेडफोनला हात लावू नका. चाटीचा वरचा आवाज ऐकणाऱ्या कानातल्या पेशी एकदा गेल्या की त्या परत येत नाहीत आणि मी असे दोन चांगले वाजवणारे पाहिले आहेत ज्यांना आता स्वतःचा तबला सुरात लावता येत नाही.

तर उद्या सकाळी आधी पोर्ट साफ करा, पिन शेवटपर्यंत दाबा, महाराजांचं जुनं भजन लावून कॉमन तपासा. मग गाद्या दाबून पाहा. एवढ्यावर गाणारा विहिरीतून बाहेर आला, तर दुसरं कनेक्टर चिपवालंच आहे आणि तुम्हाला नवीन काही घ्यायची गरज नाही, फक्त गाद्यांचे पैसे. नाहीच आला, तर हेडफोनच्या पट्टीवर आतल्या बाजूला किंवा कपावर बारीक अक्षरात ओमचा आकडा शोधा आणि तो, फोनचं मॉडेल आणि बटण दाबल्यावर काय झालं, एवढं कळवा. आकडा ३२ च्या आसपास असेल तर वर लिहिलेलं सीएक्स३१९९३ चिपवालं कनेक्टर बिनधास्त मागवा. २५० निघाला तर मागवू नका, थांबा. मग दीड हजारात काय बसतं ते आपण वेगळं पाहू.